दानाचा खर्च कोणी भरला?

मननासाठी शास्त्रभाग : लूक १४:२८-३०; योहान ६:१२-१३; गलती ६:२ व ५.

बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याचा दृष्टांत आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. पाया घातला गेला, आणि तेवढ्यात त्याची थैली रिकामी झाली; मग येणारेजाणारे त्या अर्धवट कामाकडे पाहून हसू लागले. प्रभूने हा दृष्टांत घरखर्चाच्या संबंधाने सांगितला नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याच्या मागे चालण्यास जी किंमत पडते ती आधी नीट तोलून पाहावी, हा त्याचा मूळ अर्थ होय. आणि तो अर्थ बाजूस सारून शास्त्रास आपल्या सोयीप्रमाणे वाकविणे पाळकास शोभत नाही. तथापि प्रभूने उदाहरण घेतले ते ज्याला त्याला पटेल असे घेतले. शहाणा मनुष्य काम आरंभण्यापूर्वी बसून हिशेब करितो, ही गोष्ट ऐकणाऱ्या शेतकऱ्यास, गवंड्यास व गृहिणीस आधीच मान्य होती. म्हणूनच दृष्टांत त्यांच्या अंतःकरणात शिरला.

त्याच उदाहरणाचा धागा धरून आज आम्ही एका साध्या विषयावर बोलणार आहोत. आपल्या घरांतील दिवे, पंखे, फ्रीज इत्यादी उपकरणे थोड्या विजेवर चालणारी कशी असावीत, गरीब घरी ती कशी पोहोचावीत, आणि त्या कामी मंडळीचे कर्तव्य काय, हा तो विषय. हा विषय व्यासपीठाच्या योग्यतेचा नाही असे कोणास वाटेल. आम्हांसही पूर्वी तसेच वाटत असे. ते मत कसे बदलले हे आधी सांगतो. त्यात आमची चूक आहे, आणि ती कबूल केल्यावाचून पुढे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या घरी नवा फ्रीज आला. जुना पंधराएक वर्षांचा होता, पण चालू होता. भंगारवाल्याने त्याचे मोल फारच थोडे सांगितले. तेव्हा आमच्या मनात आले की, मंडळीतील एका विधवा भगिनीच्या घरी फ्रीज नाही, तिला तो द्यावा. आम्ही टेंपोचे भाडे भरले, दोन तरुणांकडून तो तिच्या घरी पोहोचविला, तेथे प्रार्थना केली, आणि दान केल्याचे समाधान बरोबर घेऊन परतलो. पुढल्या रविवारी एका वडिलांनी त्या गोष्टीचा उल्लेख केला तेव्हा आम्ही मान खाली घातली. परंतु तो उल्लेख कानास गोड लागला, हे आज कबूल करितो.

पुढल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, आम्ही त्या भगिनीच्या घरी भेटीस गेलो. घर पत्र्याचे. वरचा पंखा बंद होता, आणि त्या एका पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या होत्या. वीज गेली नव्हती, कारण कोपऱ्यात आमचा फ्रीज घरघरत होता. आम्ही विचारले, "मावशी, पंखा बिघडला काय?" त्या म्हणाल्या, "बिघडला नाही, पाळकसाहेब. दुपारी लावत नाही, आणि रात्री नातवंडं झोपली की बंद करते. बिल फार येतं." मग त्यांनी गीतांच्या पुस्तकात जपून ठेवलेल्या बिलांची घडी काढून दाखविली. फ्रीज येण्यापूर्वी त्यांचा महिन्याचा वापर ७० युनिटांच्या आसपास असे; नंतर तो १३० च्या घरात गेला होता. आम्ही म्हणालो, "मग फ्रीजच का नाही बंद केला?" त्या काही वेळ गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, "तुम्ही प्रार्थना करून दिलेली वस्तू बंद कशी करायची?"

आम्ही फ्रीज उघडून पाहिला. आत पाण्याच्या चार बाटल्या आणि कोथिंबिरीची एक जुडी होती.

बुरुजाचा दृष्टांत आम्ही अनेकदा सांगितला होता. त्या दुपारी तो आम्हांस प्रथमच ऐकू आला. दृष्टांतातील मनुष्याने खर्च मोजला नाही, तेव्हा निदान हसे झाले ते त्याचेच झाले. आम्ही खर्च मोजला नाही, आणि तो एका विधवेने वर्षभर दर महिन्यास भरला. वर आमच्या भिडेस्तव वैशाखाचा उकाडाही सोसला. तिला काय हवे आहे हे आम्ही तिला विचारलेही नव्हते. बंधुभगिनींनो, ज्या दानाचा खर्च घेणाऱ्याने भरावयाचा, त्यास दान म्हणावे काय?

या अनुभवातून आम्ही तीन गोष्टी शिकलो, त्या क्रमाने आपणांपुढे ठेवितो.

पहिली गोष्ट : प्रत्येक उपकरणाची किंमत दोन ठिकाणी भरावी लागते.

एक किंमत दुकानात एकदाच भरावी लागते. दुसरी मीटरवर, ते उपकरण घरात असेतोवर, दर महिन्यास. पहिली डोळ्यांस दिसते म्हणून आपण तिच्यासाठी घासाघीस करितो. दुसरी दिसत नाही म्हणून तिचा विचार करीत नाही. आणि बहुतेक वेळा दुसरी पहिलीपेक्षा मोठी असते.

बिलावर जो युनिट असतो तो समजण्यास कठीण नाही. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट झाला. ६० वॅटचा जुना दिवा साडेसोळा तासांत एक युनिट खातो. ९ वॅटचा एलईडी दिवा तितकाच, किंबहुना थोडा अधिक प्रकाश देऊन, एका युनिटात १११ तास जळतो. याच्या उलट, पाणी तापविण्याचा १,५०० वॅटचा रॉड अर्धाच तास लावला तरी पाऊण युनिट जातो. तेवढ्या विजेत तो लहान दिवा रोज पाच तास याप्रमाणे सोळा दिवस चालेल. म्हणून हिशेब करताना दोन आकड्यांचा गुणाकार करावा : उपकरण किती वॅटचे, आणि ते किती तास चालते.

आमच्या मंडळीत वायरमनचे काम करणारा एक तरुण आहे. त्याने त्या भगिनीच्या घरातील बाकी सर्व बटणे बंद ठेवून एक दिवस व एक रात्र केवळ फ्रीज चालू ठेवला, आणि मीटरवरील आधीचा व नंतरचा आकडा पाहिला. दोन युनिट झाले होते. म्हणजे महिन्यास ६०. दाराचे रबर एका बाजूने सैल पडले होते. दारात कागद धरून दार लावले तर तो सहज ओढून निघत असे. ज्या फटीतून कागद निघतो तिच्यातून थंडावाही निघतो, आणि यंत्रास विसावा मिळत नाही. शिवाय फ्रीज भिंतीस चिकटवून ठेविला होता, त्यामुळे मागील उष्णतेस बाहेर पडावयास वाट नव्हती. आता हे पाहा की, नव्या लहान फ्रीजवर जी ताऱ्यांची चिठ्ठी असते तिच्यावर संबंध वर्षाचा वापर छापलेला असतो, आणि एका दाराच्या लहान फ्रीजाचा तो आकडा पुष्कळदा दीडशे ते दोनशे युनिटांच्या आसपास असतो. आमचे दान तेवढी वीज तीन महिन्यांतच खात होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महावितरणचे घरगुती बिल टप्प्यांनी आकारले जाते. पहिल्या १०० युनिटांचा दर एक. १०१ पासून ३०० पर्यंतचा त्याहून बराच चढा. पुढे ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर, आणखी चढा. दर वेळोवेळी बदलतात, पण टप्प्यांची रीत हीच आहे. याचा अर्थ असा की, जे घर शंभराच्या थोडे वर गेले आहे त्याने वाचविलेले युनिट हे त्याचे सर्वांत महाग युनिट असतात. त्या भगिनीचे घर आमच्या फ्रीजने ढकलून त्या उंबरठ्यापलीकडे नेले होते.

ताऱ्यांच्या चिठ्ठीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला, आणि २००६ पासून त्याने उपकरणांवर एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली. छताच्या पंख्यांवर ही चिठ्ठी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची आहे. तारे अधिक तितकी विजेची बचत अधिक, हे खरे. परंतु तारा आपल्या जातीच्या व आकाराच्या उपकरणांतच तुलना करितो. मोठा पाच ताऱ्यांचा फ्रीज लहान तीन ताऱ्यांच्या फ्रीजाहून अधिक वीज खाऊ शकेल. शिवाय कसोटी काही वर्षांनी कडक होत जाते, म्हणून पूर्वीचे पाच तारे आजचे पाच तारे नव्हेत. यास्तव तारे मोजून थांबू नये. वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचावा, आणि चिठ्ठी कोणत्या काळाची आहे तेही पाहावे. घरातील शाळकरी मुलास हे वाचावयास लावावे. जे मूल उपासनेत शास्त्रपाठ वाचते, त्यास ही चिठ्ठी वाचणे कठीण जाणार नाही.

दुसरी गोष्ट : जे दिसत नाही तेही वाया जाऊ देऊ नये.

जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या यांवर प्रभूने पाच हजार पुरुषांस जेवू घातले. सर्व तृप्त झाल्यावर त्याने शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. आम्हांस या कथेत नेहमी एक नवल वाटते. ज्याने आताच पाचांतून हजारोंस पुरविले, त्यास तुकड्यांची काय वाण? तो पुन्हा देऊ शकत होता. तरी त्याने गोळा करविले. म्हणजे तुकडे वेचणे हे दारिद्र्याचे लक्षण नव्हे, तर देणगीविषयीच्या आदराचे होय. विपुलतेतही जो वाया घालवीत नाही, तोच देवाच्या वस्तूंचा विश्वासू कारभारी.

भाकरीचा तुकडा गवतावर पडला तर दिसतो. विजेचा तुकडा दिसत नाही. परंतु हातास लागतो. जळत्या जुन्या दिव्यास कोणी हात लावून पाहिला आहे काय? चटका बसतो. त्यास जी वीज मिळते तिच्या दहाव्या भागाचाही प्रकाश होत नाही. बाकी सारी उष्णता होऊन जाते. कोंबड्यांची पिले पाळणाऱ्या घरी हाच दिवा पिलांवर टांगतात, आणि ते योग्यच आहे, कारण तेथे ऊबच हवी असते. परंतु वाचावयास बसलेल्या मुलाच्या डोक्यावर पिलांची ऊब कशाला?

पंख्याचेही तसेच. घरोघरी फिरणारा साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो. त्याच्या मोटारीत बरीच वीज तापण्यात जाते. आता बीएलडीसी नावाचा पंखा मिळतो. त्याच्या फिरत्या भागात लोहचुंबक बसविलेले असतात आणि आत एक लहान इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. तो सुमारे ३० वॅटवर तितकाच वारा देतो. रोज बारा तास पंखा चालतो असे धरल्यास महिन्यास १६ युनिट वाचतात. वर्षातील आठ महिने धरल्यास सुमारे १३० युनिट. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटास आठ रुपये धरू. म्हणजे वर्षाकाठी हजार रुपयांच्या वर झाले. साधा पंखा दीड हजारास मिळतो व हा अडीच ते तीन हजारांस. तेव्हा जास्त मोजलेले पैसे दीड वर्षाच्या आत परत येतात. आपापल्या बिलावरील दर पाहून प्रत्येकाने हे गणित स्वतः करावे. आमच्या शब्दावर विसंबू नये.

ही उधळपट्टी केवळ आपल्या खिशापुरती असती तर एक वेळ तिजकडे काणाडोळा करता आला असता. परंतु आपल्या राज्यात विजेचा मोठा भाग चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ अशा ठिकाणी दगडी कोळसा जाळून होतो. कोळशाच्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्साच वीज होऊन निघतो. एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. त्याची राख व धूर तेथील वस्त्यांच्या वाट्यास येतात. आपला शेजारी कोण, हा प्रश्न प्रभूस एका शास्त्र्याने विचारला होता. ज्याच्या अंगणात आपल्या रिकाम्या खोलीतील दिव्याची राख पडते, तोही आपला शेजारी आहे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. दिवा थोडे खातो म्हणून तो रात्रभर जळत ठेवणे, पंखा हलका म्हणून रिकाम्या खोलीत फिरत ठेवणे, हा तुकडे गोळा करून पुन्हा गवतावर फेकण्याचाच प्रकार होय. तसेच, जी वस्तू क्वचितच वापरली जाते ती चांगली असता टाकून नवी घेण्यातही शहाणपण नाही. पाहुण्यांच्या खोलीतील पंखा वर्षातून दहा दिवस फिरत असेल तर त्यास फिरू द्यावे. जे उपकरण सर्वांत अधिक तास चालते, तेच आधी बदलावे.

तिसरी गोष्ट : पहिली किंमत मंडळीने उचलावी, आणि पुढचा भार ज्याचा त्याने वाहावा.

आता आपण मुख्य मुद्द्यावर आलो. वरील सर्व गणित त्या भगिनीस सांगितल्यावर त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि म्हणाल्या, "पाळकसाहेब, पटलं. पण अडीच हजार एकदम आणायचे कुठून?" या प्रश्नास आमच्या उपदेशात उत्तर नव्हते. श्रीमंत घर एकदाच अधिक पैसे मोजते आणि पुढे वर्षानुवर्षे कमी भरते. गरीब घराजवळ एकदम द्यावयास काही नसते, म्हणून ते स्वस्त वस्तू घेते, किंवा कोणाची टाकलेली वस्तू घेते, आणि पुढे वर्षानुवर्षे अधिक भरते. गरीब अडाणी असतो म्हणून अधिक भरतो, असे नव्हे. तो गरीब असतो म्हणून अधिक भरतो. त्यास काटकसरीवर प्रवचन देणे म्हणजे तहानेल्यास विहीर किती खोल आहे हे सांगून दोर न देणे होय.

पहिल्या किमतीची ही अडचण दूर केली म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्या देशातच आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली एलईडी दिव्यांची योजना आरंभिली गेली. त्यापूर्वी असा दिवा बाजारात तीनशे ते साडेतीनशे रुपयांस पडे. सरकारी वीज कंपन्यांनी मिळून काढलेल्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या संस्थेने कोट्यवधी दिवे एकदम खरेदी केले, त्यामुळे किंमत उतरत जाऊन तो सत्तर रुपयांच्या आसपास मिळू लागला. काही राज्यांत तो दहा रुपये देऊन घरी न्यावा आणि बाकी रक्कम वीजबिलातून हप्त्यांनी फेडावी, अशीही सोय होती. या योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले. पुढे मार्च २०२१ मध्ये बिहारातील आरा येथून ग्राम उजाला सुरू झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात आपला नागपूर भागही होता. खेड्यातील घरास दहा रुपयांत एक याप्रमाणे पाच दिवे मिळत. अट एवढीच की, प्रत्येक नव्या दिव्यामागे एक चालता जुना दिवा परत द्यावा. ही अट मोठ्या शहाणपणाची होती. जुना दिवा परत घेतला नाही तर तो शेजारच्या खोलीत जाऊन पुन्हा जळू लागतो. आमच्या फ्रीजचे नेमके तेच झाले होते. आम्ही ओझे उतरविले असे समजलो. वास्तविक ते आमच्या पाठीवरून उचलून एका अशक्त पाठीवर ठेविले होते.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो, आणि तीनच ओव्या पुढे जाऊन प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा असेही सांगतो. वाचणाऱ्यास प्रथम यात विरोध भासतो. परंतु विरोध नाही. जे ओझे एकट्याने उचलवत नाही, त्यास दुसऱ्याने हात लावावा. ते एकदा डोक्यावर नीट बसले की चालणाऱ्याने आपल्या पायांनी चालावे. डोक्यावर मोळी घेणाऱ्या आपल्या बायकांस हा अर्थ टीकाकाराच्या ग्रंथावाचून कळतो. मोळी उचलताना शेजारीण हात देते. घरापर्यंत मात्र जिची तीच नेते.

याच न्यायाने आमच्या मंडळीने एक लहानसा निधी काढिला. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दानांतून १०,००० रुपये वेगळे ठेविले. त्यांतून पंखा व दिवे आणून गरजू घरी बसवावेत. त्या घराने पंखा चालतो त्या आठ महिन्यांत महिन्यास १०० रुपये परत करावेत, थंडीच्या चार महिन्यांत काही देऊ नये. व्याज मुळीच नाही, कारण आपल्या लोकांतील गरिबांस उसने देताना व्याज घेऊ नये असे निर्गमाच्या पुस्तकातच आहे. आणि परत आलेल्या पैशांतून पुढल्या घरी पंखा जावा. हप्ता बचतीहून थोडा कमी ठेविला, म्हणजे देणाऱ्याच्या ताटातून काही जाऊ नये.

पंचांच्या सभेत एका वडिलांनी स्पष्ट विरोध केला. "देवळाचे छप्पर गळते आहे, आणि आपण लोकांच्या घरी पंखे लावायचे?" असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. छप्पर खरोखरच गळत होते. आम्ही त्यांस प्रेषितांच्या कृत्यांतील सहाव्या अध्यायाची आठवण दिली. यरुशलेमेतील विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होऊ लागली तेव्हा प्रेषितांनी ती बाब क्षुल्लक मानली नाही. तिच्यासाठी सात माणसे निवडली, आणि तीही आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी निवडली. शेवटी छपराचा पैसा वेगळा व हा वेगळा असे ठरले. त्या वडिलांनी आणखी एक सूचना केली की, निधीची वही प्रत्येक महिन्यास मंडळीपुढे वाचावी. ती सूचना उत्तम होती. आज ती वही तेच ठेवितात.

एका घराचा हप्ता मार्च व एप्रिल या दोन महिन्यांत आला नाही. कुजबूज झाली, पंखा काढून आणावा असेही कोणी बोलले. आम्ही जाऊन पाहिले तर दारास कुलूप. ते कुटुंब ऊसतोडीस गेले होते. पंखा फिरला नाही तेव्हा बचतही झाली नाही, आणि बचत नाही तेथे हप्ता कसला? आमचाच नियम आम्ही विसरलो होतो. हंगाम संपवून ते परतले आणि हप्ता पुन्हा सुरू झाला. बंधूंनो, वही ठेवावी, पण माणूस कोठे आहे हे पाहिल्यावाचून वहीत लाल रेघ ओढू नये.

आजवर सहा घरी पंखे गेले आहेत. संख्या लहान आहे, आणि ती मोठी करून सांगण्याची आम्हांस इच्छा नाही. पहिला पंखा अर्थात त्या भगिनीच्या घरी गेला. फ्रीज आम्ही परत आणिला. "नवा लहान फ्रीज निधीतून पाहू काय?" असे विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "माठ बरा आहे. पंखाच हवा होता." तो फ्रीज मागावयास दुसरे एक घर आले होते, आम्ही दिला नाही, कारण सांगितले, आणि टाकाऊ विद्युत वस्तू रीतसर मोडणाऱ्यांकडे तो पाठविला. त्या भगिनीचा पुढील मे महिन्यातील वापर ५५ युनिटांच्या आसपास होता, आणि पंखा रात्रभर चालू होता.

तर मग, प्रिय बंधुभगिनींनो, या आठवड्यात आपण काय करावे? पहिले, प्रत्येक घराने आपले बिल काढून महिन्याचे युनिट पाहावेत, आणि कोणती वस्तू सर्वांत अधिक तास चालते ते लिहून काढावे. दुसरे, ज्याच्या घरी अजून जुना तापणारा दिवा आहे त्याने तो आधी बदलावा. ताऱ्यांची चिठ्ठी व बीआयएसची खूण नसलेला दिवा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तिसरे, महिला मंडळाने व तरुण संघाने मिळून मंडळीत कोणाचे घर उकाड्यात पंखा बंद ठेवून बसते याची प्रेमाने चौकशी करावी. ही चौकशी दारात उभे राहून होत नाही. आत बसावे लागते. चौथे, ज्यांच्या घरी नवी वस्तू येणार आहे त्यांनी जुनी कोणास देण्यापूर्वी आमच्या फ्रीजची आठवण करावी. आणि पाचवे, पाळक व पंच यांनी उपासनामंदिरापासूनच आरंभ करावा. आमच्या मंदिरात चोक लावलेल्या जुन्या ट्यूबा गेल्या वर्षापर्यंत जळत होत्या. एकेक ट्यूब पन्नास वॅटच्या वर खात असे, आणि तिच्या खाली उभे राहून आम्ही काटकसरीवर बोलत होतो. आता तेथे वीस वॅटच्या एलईडी नळ्या आहेत.

विधवेची दोन नाणी प्रभूने मंदिरात पाहिली आणि त्यांचे मोल श्रीमंतांच्या देणग्यांहून अधिक ठरविले. जो प्रभू तिच्या हातातील नाणी पाहतो, तो तिच्या गीतांच्या पुस्तकातील बिलेही पाहतो. आपण देतो तेव्हा आपल्या हातून काय गेले एवढेच मोजू नये. तिच्या घरी काय गेले, तेही मोजावे.

आपण प्रार्थना करू.

हे दयाळू पित्या, प्रकाश व वारा, ऊब व गारवा ही सर्व तुझीच दाने आहेत. ती आम्ही न मोजता वापरली, आणि न विचारता वाटली, याची आम्हांस क्षमा कर. आमच्या दानाचे ओझे ज्यांनी मुकाट्याने वाहिले, त्यांचे सांत्वन कर. आम्हांस शेजाऱ्याच्या घरी बसून ऐकण्याचा धीर दे, हिशेबात प्रामाणिकपणा दे, आणि मोळी उचलताना हात पुढे करण्याची प्रीती दे. तुझा पुत्र प्रभु येशू याच्या नावाने मागतो. आमेन.